चुन्याची फुली

भोसरीच्या कारखान्यात नवी शेड बांधायची ठरली, तेव्हा प्लॉटवरच्या झाडांची यादी माझ्याकडे आली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. यादी करायला मला आवडायचं. अजूनही चिठ्ठीशिवाय मी भाजीला जात नाही. भर उन्हाळ्यात मी तीन रकाने आखले: ठेवायची, तोडायची, वाळलेली. कुंपणाजवळचा जुना ऐनाचा वृक्ष शेडच्या आड येत नव्हता. पण त्यावर एकही पान नव्हतं, म्हणून तो तिसऱ्या रकान्यात गेला. वाळलेलीही तोडायचीच, म्हणून खोडावर मी चुन्याची फुली मारली.

गेटवरचे वॉचमन बाबा त्याच गावचे. ही जमीन पूर्वी त्यांची होती आणि डबा ते रोज त्या ऐनाखालीच खात. फुली पाहून ते ऑफिसात आले.

"साहेब, मेलं न्हाई त्ये. पानं टाकून पानी राखलंय. थोडं थांबा, पालवी दिसंल."

पावसाआधी पालवी कशी येईल, असं मी विचारलं. खोडातल्या पाण्यावर येते, म्हणाले. जमीन गेलेल्या माणसाचा हळवेपणा, असं मी मनात म्हटलं. शिवाय यादीवर मॅनेजरांची सही झाली होती आणि खाडाखोड मला खपत नसे.

दोन दिवसांनी कुऱ्हाड पडली. तिसऱ्या घावाला सालीतून पाण्याची धार उडाली. तोडणाऱ्याचा सदरा भिजला. "ह्यानं तर टाकीच भरून ठिवलीय राव," तो हसत म्हणाला आणि माझ्याकडे बघत थांबला. घाव अजून उथळ होता. राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. मी घड्याळ पाहिलं आणि चालू ठेव म्हणून हात हलवला.

पुढच्या पावसाळ्यात, उघडीप पाहून, कुंपणापलीकडच्या दुसऱ्या ऐनाच्या पानांवर मी प्लास्टिकची पिशवी बांधली. दुपारपर्यंत तळाशी चूळभर पाणी जमलं. मुळांनी ओढलेलं पाणी पानं दिवसभर हवेत सोडतात. उन्हाळ्यात ती गळाली, की खोडातलं पाणी खोडातच राहतं. बाबा खरं बोलत होते.

पिशवी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. आता ते सायकल स्टँडच्या पत्र्याखाली जेवत होते. मी सगळं समजावून सांगितलं, चुकलो असंही म्हटलं. त्यांनी पिशवी उजेडात धरून पाहिली.

"व्हय," एवढंच म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.