पाहुणी ताडपत्री

जिते गावाहून आमच्याकडे पेणला ताडपत्री बांधायला येणाऱ्या माणसाचा मला अजून राग आहे. ताडपत्रीला तो 'पाहुणी' म्हणतो. शिडी चढण्याआधी तिची घडी थोपटतो आणि गाठ मारता मारता वरून विचारतो, "दादा, स्लॅब कधी?"

स्लॅब टाकायचा म्हणून मी जुनी कौलं उतरवली, त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी त्याला "दिवाळीनंतर" असं सांगितलं. दुसऱ्या वर्षीही तेच सांगितलं, पण दिवाळीनंतर दारात आली ती माझी नवी मोटरसायकल. यंदा शिडीवर पाय ठेवण्याआधी तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"पाहुणीला तीन-तीन वर्षं कोण राबवतं काय, दादा?"

"तुम्ही बांधा हो," मी म्हणालो. घरमालकाचा आवाज मला एवढाच जमतो.

तो गेला आणि संध्याकाळच्या पावसात पाणी थेट माझ्या उशीवर पडलं. आईच्या खाटेवर मात्र थेंब नाही. मी तणतणत फोन लावला.

"आईंच्या डोक्यावर दुहेरी घातलीय," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या उशीवर मुद्दाम भोक ठेवलाय. ऱ्हाऊदे तेवढा. नायतर दिवाळी इसरून जाल."

माझं घर, माझं डोकं, आणि वर मजुरी देऊन भोक. ते शिवायला मी दाभण शोधू लागलो, तर बायकोने तो आधीच आईकडे दिलेला.

आईने तो उशीखाली सरकवला.

"दिवाळीनंतर देते," ती म्हणाली.