दहापैकी दहा

धाकटी विद्यापीठात काय शिकते असं कोणी विचारलं, की बाबा 'धंद्याचं सगळंच' म्हणून मोकळे व्हायचे. होतंही सगळंच: कायदा, जाहिरात, माणसं सांभाळणं. फक्त वर्गात तिला हाक मारणारं कोणी नव्हतं.

गटाच्या प्रकल्पात तिघा शहाण्यांनी आपापलं काम तिच्या गळ्यात मारलं. तीही "देते ना करून" म्हणाली. तेवढंच कोणीतरी बोलत होतं. वाचनालयाच्या कोपऱ्यात बसून तिनं चौघांचं काम एकटीनं उरकलं.

शेवटी प्रत्येकानं सोबत्यांना गुण द्यायचे होते. सरांनी तिला कागद दाखवले. "तिघांनीही दहापैकी दहा दिलेत की तुला!"

ती खुलली. मग तिनं नावाचा रकाना पाहिला. दोघांनी 'चष्मेवाली' लिहिलं होतं. तिसऱ्यानं तो कोराच सोडला होता.