दाराशी काढायच्या चपला

सदानंदचा डोळा लागतोय, पण पायातल्या चपला त्याने काढलेल्या नाहीत. जरा पडायचं आणि सरळ गुत्ता गाठायचा, असं ठरवून गडी घरी खाटेवर आडवा झालाय. व्यसनमुक्ती केंद्रातल्या गटाचा नियम साधा आहे. राग आला तर उठा, व्हरांड्यात जाऊन खुशाल आदळआपट करा, पण चपला घालायच्या नाहीत. घातल्या की गट सुटला. आज गट घेणाऱ्या शरयूताई एवढंच म्हणाल्या, "दारू थांबलीय तुमची. पण कुणी आपल्याला सोडायच्या आधी आपणच निघून जायचं, हा स्वभावाचा आजार तसाच आहे." झालं! याने चपला घातल्या.

खाटेखालून सतरंजी पसरत जाते. गटाचीच सतरंजी, आणि तिच्यावर लतीफ बसलाय. गटात तो सदानंदच्या शेजारी बसायचा. असाच एकदा तणतणत गेला आणि नदीकाठी सापडला, पिऊन मेलेला, चपला पायातच.

"भाई, तू?"

"बस रे सदा. पाय दुखतायत."

सदानंद बसतो तर खाली घाटाची ओली पायरी आहे. गटातली माणसं गोलात बसलीत, सगळी पाठमोरी.

"तेव्हा उठून का गेलास?"

"कुणी मागं येतंय का बघायचं होतं. कोपऱ्यावर थांबलोसुद्धा."

भाई येईल परत, असं म्हणून सगळे बसून राहिले होते. सदानंदही.

"मग, जाऊन दाखवलंस ना सगळ्यांना?"

"दाखवलं की. बघायला मीच राहिलो नाही."

पायरीच्या जागी आता गुत्त्यातलं बाकडं आहे, पुढ्यात भरलेला ग्लास. लतीफ ग्लासाकडे बघतसुद्धा नाही. तो पाय पुढे करतो. "एवढ्या काढ. माझ्याच्यानं निघत नाहीत."

सदानंद ओढतो. जीव खाऊन ओढतो, रडत ओढतो.

"भाई, मी यायला पाहिजे होतं रे तुझ्या मागं."

"आता नको येऊस."

जाग येते तेव्हा भिंतीवर ऊन आहे. मुठीत चपलेचा तुटलेला पट्टा आहे, त्याच्या स्वतःच्याच चपलेचा. गटाची बैठक अजून उठली नसेल. सदानंद तोंड पुसतो, दुसरी चप्पलही काढून दाराशी ठेवतो आणि तापलेल्या रस्त्यावर अनवाणी उतरतो.