घरात आणलेलं ऊन

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस बिनलिफ्टच्या इमारतीत राहतो, याला दिव्याखाली अंधार म्हणतात. शेजारीपाजारी जिन्यात भेटले की त्याला हे ऐकवत, आणि तो दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसे. त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे लिफ्टवालाच म्हणत. स्वभावानं सरळ, बोलणं बेताचं, आणि जे काही बोले ते फिरून फिरून लिफ्टवर येई. माणसाला जिना चढावा लागणं हा त्याच्या मते एक बिघाड होता. कुणीतरी हत्यारांची पिशवी घेऊन यावं आणि तो काढून टाकावा, इतकं ते सोपं होतं.

घरात तिघंच. तो, बँकेत खिडकीवर बसणारी बायको आणि त्याची आई. राहायला पहिल्या मजल्यावर, गच्ची चौथ्याच्या वर. आईला वाळवायचा नाद होता. बाजारात जे स्वस्त होईल ते ती आणायची, चिरायची आणि ताट घेऊन गच्चीवर जायची. टोमॅटो, सफरचंदं, मशरूम, पुदिना, काही म्हणजे काही सुटायचं नाही. सकाळी गेलेली बाई ऊन कलल्यावर खाली यायची. पाखरं टोचतात, राखायला बसावं लागतं, असं तिचं म्हणणं. खाली यायची तेव्हा तोंड उन्हानं लाल आणि मन प्रसन्न. घरात बरण्या इतक्या झाल्या होत्या की मीठ शोधायला गेलेला माणूस पुदिना घेऊन परत येई. खायचं मात्र फारसं कुणी नाव काढत नसे. वाळलेलं टिकतं म्हणतात, त्यांच्याकडे तर ते नुसतं टिकायचंच.

अशीच एकदा ती टोमॅटोचं ताट घेऊन वर निघाली आणि तिसऱ्या मजल्याच्या वर पाय घसरून पडली. टोमॅटो घरंगळत तळमजल्यापर्यंत गेले. दारं उघडली, लोक धावले, त्यांनी आधी टोमॅटो गोळा केले आणि मग ते कुणाचे आहेत हे बघायला वर आले. हाड मोडलं नाही, गुडघा तेवढा सुजला. डॉक्टर म्हणाले, जिना कमी करा. लिफ्टवाल्याला ही पडत्या फळाची आज्ञा वाटली. कमी म्हणजे बंद, असा अर्थ त्यानं लावला. आई पुन्हा पडली तर उठेलच असं नाही, ही भीती त्यानं बोलून दाखवली नाही. त्याऐवजी तो डिहायड्रेटर, म्हणजे घरच्या घरी वाळवण करणारं यंत्र, बघायला गेला.

दुकानात दोन जातीची यंत्रं होती. एक गोल, एकावर एक जाळ्या रचलेल्या, पंखा बुडाशी. दुसरं छोट्या कपाटासारखं, दार असलेलं, पंखा पाठीमागे. विक्रेता रंगांबद्दल सांगत होता. लिफ्टवाल्यानं विचारलं, "खालचा पंखा वरच्या जाळीपर्यंत वारा नेतो का?"

"नेतो की."

"सगळीकडे सारखा?"

विक्रेत्यानं मालकाला बोलावलं. मालक म्हणाला, गोल यंत्रात जाळ्या मधूनमधून खालीवर कराव्या लागतात. कपाटवाल्यात वारा आडवा फिरतो, सगळ्या जाळ्यांना सारखा मिळतो, पण ते जागा जास्त खातं. लिफ्टवाल्यानं उष्णतेचं बटण फिरवून पाहिलं, जाळ्या काढून घातल्या, घड्याळ लावून आपोआप बंद होतं की नाही ते बघितलं, आणि पाठीमागचं झाकण उघडायला स्क्रू ड्रायव्हर काढला. तेव्हा मालक म्हणाला, "आधी विकत घ्या, मग उघडा." हे त्याला रास्त वाटलं.

रात्रीच्या जेवणाला बसल्यापासून उठेपर्यंत त्यानं बायकोला दोन्ही यंत्रांतला फरक समजावला. ती पहिल्याच घासाला म्हणाली, "कपाटवालं आणा." तरीही त्यानं विषय पूर्ण केला.

मशीन ओट्याच्या कडेला बसलं. पहिल्या दिवशी त्यानं उष्णता शेवटपर्यंत फिरवली, जितकी आच जास्त तितकं काम लवकर, या हिशेबानं. टोमॅटोच्या फोडी वरून चामड्यासारख्या कडक झाल्या. त्यानं त्या कौतुकानं बरणीत भरल्या आणि आठवड्यात बरणीला बुरशी आली, कारण आत पाणी तसंच होतं.

आईनं फोड तोडून दाखवली. "उन्हाला घाई नसते," ती म्हणाली.

मग तो शहाणा झाला. फोडी पातळ आणि सारख्या, आच मंद, वेळ भरपूर. बाहेर काढल्यावर आधी गार होऊ द्यायच्या, मग बरणीत. पुढचे काही दिवस बरणी हलवून काचेवर दमटपणा धरतो का ते बघायचं, धरला तर पुन्हा जाळीवर. सफरचंदं काळी पडू नयेत म्हणून लिंबाच्या पाण्यात बुडवायची, हे आईनं शिकवलं. महिन्याभरात असा माल निघायला लागला की तसा गच्चीवर कधी निघाला नव्हता. धूळ नाही, पाखरं नाहीत, पावसाची धास्ती नाही. लिफ्टवाला कामावर जाताना आणि आल्यावर काचेतून आत डोकावायचा. आयुष्यात एक बिघाड आपण मुळापासून काढला, असं त्याला वाटत होतं.

आईनं खुर्ची मशीनसमोर ओढली होती. सकाळी ती तिथं बसायची आणि मधूनच हात हलवून पाखरं हाकलायची. स्वयंपाकघरात पाखरं नव्हती आणि मशीनला दार होतं. पहिल्यांदा तिचं तिलाच हसू आलं. पुढे हात हलायचा थांबला, आणि हसूही थांबलं.

हळूहळू ती चिरायचं विसरायला लागली. सकाळी उठून परत आडवी व्हायची. जेवायला अर्धं पान. विचारलं तर "बरी आहे", याच्यापुढे शब्द नाही. लिफ्टवाल्याला मशीनच्या घरघरीचा संशय आला. आईला त्या आवाजाचा त्रास होत असणार. त्यानं झाकण उघडून पंखा पुसला, खाली रबराच्या चकत्या लावल्या. मशीन गप्प झालं. आई आधीच गप्प होती, त्यामुळे आता घरात कसलाच आवाज राहिला नाही.

"मशीन ठीक आहे," बायको म्हणाली. "आता आईंचं झाकण उघडा."

तो आईजवळ जाऊन बसला. "आई, गच्चीवर जावंसं वाटतं का?"

"कशाला? वाळवायला काही उरलंय का तिथं?"

"असंच. बसायला."

आई म्हणाली, "घरात कामं पडलेली असताना बाई रिकाम्या हातानं गच्चीवर जाऊन बसली, तर बरं दिसतं का रे?"

"मग इतकी वर्षं बसत होतीस ती?"

"तेव्हा टोमॅटो होते."

लिफ्टवाल्याला फार वाईट वाटलं. ही बाई आयुष्यभर उन्हात बसायला जात होती आणि बसायची सबब म्हणून ताट नेत होती. आपण पंखा मागे आहे की खाली हे बघत बसलो, आणि ताट तेवढं तिच्या हातातून काढून घेतलं. त्याला रडू आलं नाही, कारण तशी सवय नव्हती, पण तो उठून उगाच नळ सोडून हात धुऊन आला.

लिफ्ट बसवणं त्याच्या हातात नव्हतं, इमारतीत लिफ्टला जागाच नव्हती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "बंद करा असं मी कधी म्हणालो? बसत बसत जाऊ द्या, सोबत असू द्या." मग त्यानं प्रत्येक मजल्याच्या वळणावर एकेक खुर्ची ठेवली. एक घरातली, एक कामाच्या ठिकाणी टाकून दिलेली, एका स्टुलाला त्यानं पाठ जोडली. सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार करायला निघाले आणि दुसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून खुर्चीत बसले. तक्रार पुढे आली नाही.

सुट्टीच्या सकाळी तो आईला घेऊन निघाला. तिनं ताट मागितलं, सुनेनं दिलं नाही. "टोमॅटो मशीनमध्ये आहेत, आई. तुम्ही जा." तरी दुसऱ्या मजल्यावर कुणी विचारलं, "कुठे निघालात?" तर आईनं मूठ उघडून दाखवली. आत पुदिन्याची काडी होती. कधी उचलली कुणास ठाऊक. खुर्चीवर बस, ऊठ, कठड्याला धर, असं करत दोघं गच्चीवर पोचले.

आई सरळ पलीकडच्या कठड्याशी गेली. गल्लीच्या त्या बाजूला दुसरी इमारत होती, आणि तिच्या गच्चीवर आईच्याच वयाची एक बाई मिरच्या पसरत होती. तिनं मान वर केली आणि हातातल्या मिरच्या तशाच खाली टाकल्या.

"अहो, मला वाटलं तुम्ही गेलात," ती ओरडून म्हणाली.

"गेले नाही. मुलानं मशीन आणलंय."

पलीकडच्या बाईनं पदराला डोळे पुसले. लिफ्टवाल्याला ते इतक्या लांबूनही दिसलं. या बाईबद्दल घरात कधी एक शब्द निघाला नव्हता.

"मी रोज बघत होते," ती म्हणाली. "खाली उतरून तुमच्या बिल्डिंगमध्येही आले होते. पण विचारणार कसं? इतकी वर्षं बोलतोय आपण, नाव कुठे विचारलं होतं?"

आईनं दोन्ही हात कठड्यावर टेकले आणि आपलं नाव सांगितलं. गल्लीपलीकडे ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं. तिच्या तोंडून तिचं नाव तिचा मुलगा पहिल्यांदाच ऐकत होता.