सुन्जाच्या आईचा फोटो

अमेरिकेत हर्नडनला मुलाकडे उतरलो तेव्हा माझ्या गळ्यात कॅमेरा होता आणि लेन्सवर झाकण. विमानतळाचे सगळे फोटो काळे आले, हे पुढे कळलं. तरी रविवारी मुलाने "बाबा, तुमच्या इंटरेस्टचं आहे," म्हणून आम्हा दोघांना एका फोटो-प्रदर्शनापाशी ड्रॉप केलं.

कोरियातल्या युद्धात एका अमेरिकन सैनिकाने टिपलेल्या खेड्यातल्या बायका. डोक्यावर घडे, पाठीला पोरं, मागे जळकं छप्पर. एका फोटोत दोघी समोरासमोर बसलेल्या, हातांत लाकडी दांडके. खाली पाटी : 'युद्धातही ढोल वाजवण्यात रमलेल्या स्त्रिया.' मी लगेच सुमनला, म्हणजे आमच्या हिला, कोरियन लोकसंगीतावर व्याख्यान सुरू केलं.

"अहो, ढोल कसला? कपडा आहे तो."

"नॉट ड्रम!" मागून आवाज आला. एक ठेंगणी कोरियन आजी. नाव सुन्जा. तिने गुडघ्यांवर धपाधप मुठी आपटून दाखवल्या. दादुमी (धुतलेलं कापड दगडावर ठोकून त्याला झिलई आणणं). फोटोत डावीकडे तिची आई. कपडे वडिलांचे, ते लढाईवर. परतले की नीटनेटके घालायला मिळावेत म्हणून आई तेच ते पुन्हा पुन्हा ठोकत बसे.

"ही केम होम?" सुमनने विचारलं.

"नो."

पाटी बदला म्हटल्यावर आयोजक गोड हसले. "सैनिकाने ढोलच सांगितलंय, मॅडम. आणि प्रदर्शन उद्या संपतंय."

आजी म्हणाली, मग आईचं नाव तरी लिहा.

"नावाने लोकांना काय कळणार?"

माझं डोकंच फिरलं. ज्या सैनिकाला त्या बाईचं नाव विचारावंसंही वाटलं नाही, त्याचं नाव दारावर हातभर अक्षरांत! मी तावातावाने भांडायला गेलो. पण रागावलो की माझं इंग्रजी पहिल्यांदा पळ काढतं. "व्हॉट इज धिस"च्या पुढे गाडी जाईना.

सुमनने आजीपुढे कागद धरला. गावात तिच्या आईला सगळे 'सुन्जाची आई'च म्हणत. नावाने हाक मारायची रीत नव्हती. आजीने आईचं खरं नाव सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं. सुमनने पर्समधल्या टिकल्या काढल्या आणि चार कोपऱ्यांना लावून कागद थेट पाटीवरच्या त्या 'ढोल'वर चिकटवला.

"मॅडम, मॅडम..."

"काढून दाखवा," सुमन मराठीत म्हणाली. त्यांना बरोबर कळलं.

घरी परतल्यावर अल्बम लावायला बसलो. सुमन आणि आजी, एवढा एकच फोटो धड आला होता. त्या आयोजकाला शिव्या घालत घालतच मी खाली लिहिलं : 'हर्नडन. कोरियन आजी व सौ.'

सुमनने वाचलं. टिकल्यांचं पाकीट तेवढं माझ्यापुढे सरकवलं.