घोडीला दिलेली हाक

शिनोलीच्या अलीकडे एका साहेबांचं शेत आहे. पुण्या-मुंबईची माणसं तिथं दोन दिवस राहायला, घोड्यावर बसायला येतात. मी त्यांचा स्वयंपाक करते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांत मला बोलता येत नाही. वाढताना कोणी काही विचारलं तर मी मानेनंच उत्तर देते.

घोडे चार होते. त्यातली तांबडी घोडी पूर्वी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळालेली. आमच्याकडं बैलगाड्यांच्या शर्यतीत गाड्यापुढं एक घोडी पळते आणि तिच्यामागं बैल जोर धरतात. माझे वडील अशी घोडी पळवायचे. बायका घाटात जात नसत, पण वडील घरामागच्या माळावर घोडी तयार करायचे तेव्हा मी बांधावर बसून बघायची. 'भिर्रर्र' अशी आरोळी झाली की घोडी सुटलीच पाहिजे. माळावर कोणी नसलं की मीही ती आरोळी द्यायची.

घोड्यांची देखभाल मढ गावाकडचे एक भाऊ करायचे. रोज सकाळी माझ्याकडून शिळी भाकरी नेऊन तांबडीला चारायचे. मी कामाला लागले त्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं, "ताई, हिच्यासमोर शर्यतीचं काय बोलू नका. रिटायर झालीय, पण पेन्शन घ्याया तयार न्हाई."

म्हणजे मला माहीत होतं.

त्या दिवशी मुंबईच्या पाच मैत्रिणी आल्या होत्या. चौघी घोड्यांवर बसून कालव्याकडं गेल्या. पाचवीची कंबर धरली होती, म्हणून ती माझ्याजवळ लसूण सोलत बसली. तिनं माहेरचं विचारलं. एरवी मी काही सांगितलं नसतं, पण ती हात थांबवून ऐकायची. वडिलांचं सांगता सांगता मी बरीच बोलले.

"मावशी, ती आरोळी एकदा देऊन दाखवा ना."

"नको वो. लाज वाटती."

"इथं कोण आहे ऐकायला?"

मी पदराला हात पुसले आणि मागच्या दारात जाऊन आरोळी दिली. तिनं माझ्याकडं असंच बघत राहावं असं मला वाटत होतं. आवाज इतका मोठा निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही.

कालव्याकडून चौघी परत येत होत्या, तांबडी सगळ्यांच्या पुढं. तिनं कान टवकारले आणि कापलेल्या भातखाचरातून सरळ सुटली. वरची मुलगी थोडा वेळ मानेला धरून राहिली, मग बांधाजवळ पडली. तिचं मनगट मोडलं. लसूण सोलणारी पळत मैत्रिणीकडं गेली. आरोळीचा आणि घोडीचा संबंध तिच्या मनातही आला नसावा.

मुलीला घोडेगावच्या दवाखान्यात नेऊन आणल्यावर साहेबांनी भाऊंना अंगणात उभं केलं.

"खोगिराचा तंग ढिला होता. किती वेळा सांगितलं, पट्टा आवळून बघत जा."

"आवळला व्हता साहेब."

"मग घोडी उगीच उधळली?"

मी हळदीचं दूध घेऊन दारात उभी होते. भाऊंनी माझ्याकडं बघितलं. आरोळी त्यांनी ऐकली होती आणि ती कशाची हेही त्यांना कळलं होतं. ते थांबले. मी बोलावं म्हणून थांबले होते. मी दुधावरच्या सायीकडं बघत राहिले.

"कशानं तरी बुजली असंल," ते म्हणाले.

साहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

डबा न्यायला ते स्वयंपाकघराशी आले. मी डबा पुढं केला. "आवाज लई मोठाय तुमचा ताई," ते म्हणाले. "मगाशी मात्र बसला व्हता." चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते नेहमीसारखंच बोलले आणि चालू लागले.

तीन दिवस मी भाकऱ्या जाळल्या. चौथ्या दिवशी साहेब एकटे तांबडीजवळ उभे होते, तिथं मी गेले आणि सगळं सांगून टाकलं. आरोळी मी दिली, भाऊंनी तंग आवळला होता, त्यांना परत बोलवा. अडखळत सांगितलं, पण सांगितलं.

साहेब शहरातले. त्यांना हसू आलं. "आरोळीनं घोडी सुटते? बरं, द्या बघू. समोरच आहे."

मी तोंड उघडलं. साहेब माझ्या तोंडाकडं बघत होते. नुसता वारा बाहेर आला. पुन्हा प्रयत्न केला. तांबडीनं गवतातून मान वर केली नाही.

"राहू द्या मावशी," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "गरिबाचं काम जाऊ नये म्हणून स्वतःच्या अंगावर घेताय. कळतं मला. मन मोठं आहे तुमचं."

तसं नाही, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, साहेबांनी काय घ्यायचं ते घेतलं.

पुढच्या रविवारी नवे पाहुणे जेवायला बसले होते. भाऊंच्या जागी दुसरा माणूस आला होता. साहेबांनी पाहुण्यांना माझी गोष्ट सांगितली, मी दुसऱ्याची चूक कशी आपल्यावर घेत होते ती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. एका म्हाताऱ्या बाईंनी ताटावरून हात काढून मला नमस्कार केला. मी त्यांना आमटी वाढली आणि पुढच्या ताटाकडं गेले.