हळदीआधी सुटलेलं जातं

लग्नाची हळद घरच्याच जात्यावर दळायची, असा आमच्याकडचा रिवाज. नणंदेचं लग्न तोंडावर आलं आणि आमचं जातं झालेलं गुळगुळीत. टाकी लावून जातं पुन्हा खरबरीत करणारा पाथरवट ठाकूरवाडीच्या वर, टेकाडावर उतरला होता. जात्याची खालची तळी, म्हणजे खालचा दगड, टाकी लावून घरी आली होती. वरची आणायला आम्ही दोघं गेलो, मी आणि आमचे हे.

हे घाटात रुळांच्या कामाला जायचे, त्यामुळे अंगात जरा शहाणपण शिरलेलं. तळी चाकासारखी उभी करून तिच्या तोंडातून त्यांनी एक बांबू आरपार घातला. एक टोक माझ्या हाती देऊन म्हणाले, "डोईवर घेऊन मान कशाला मोडायची? आगगाडी काय डोईवर नेत्यात व्हय?"

आधी तर तो दगड जागचा हलेना. हलला, तसा मात्र असा चालू लागला की काय सांगू! सपाटीवर बोटानं लोटावा इतका हलका. उतार लागला आणि आम्ही लोटायचं राहिलं बाजूला, तोच आम्हाला ओढू लागला. घामानं हात सुटला, बांबू निसटला, आणि गेली की तळी! एरवी उभी केली तर पडणारी ती, धावताना कशी सरळ उभी!

खाली शेताच्या कडेला आत्याबाई, माझ्या सासूबाई, पाण्याचा तांब्या घेऊन थांबल्या होत्या. ते जातं त्यांना त्यांच्या आईनं दिलेलं. सुनेलासुद्धा हात लावू द्यायच्या नाहीत. ते फुटलं तर हळद कुठली आणि आत्याबाईंना तोंड कुठलं दाखवायचं! हे आडवाटेनं धावत तळीच्या पुढं गेले आणि हात पसरून वाटेत उभे राहिले.

आत्याबाईंनी तांब्याच फेकला. "बाजूला हो रं मेल्या! जाऊ दे ती! तिला काय कळतंय तू माजा ल्योक हाईस ते?"

यांनी उडी मारली ती थेट भाताच्या धसकटांत. तळी सपकन बाजूनं गेली, सुकं शेत ओलांडून समोरच्या रुंद बांधाच्या चढाला लागली. चढता चढता तिचा जोर सरत गेला. वर जरा थबकली, थोडी मागं आली, आणि पैसा फिरून पडतो तशी डुलत आडवी झाली.

"बघितलंस? घाटात सुटलेल्या गाडीला असाच चढाचा रूळ ठिवलाय," हे धसकटांतूनच म्हणाले. जसं काही ठरवूनच केलं होतं!

आत्याबाई त्यांचे पाय चाचपत होत्या.

"आगं आये, आधी जातं बघ की!"

"पाथरवट जातं दुसरं घडवील. तुला कोन घडवनार?" असं म्हणून पाठीत एक धपाटा.

तळीच्या कडेची एक कपची तेवढी उडाली होती. दुसऱ्या दिवशी हळद दळताना दर फेऱ्याला तिथून थोडी जास्त सांडायची. आत्याबाईंनी ती मुठीत गोळा केली, उठल्या, आणि नवरीच्या आधी यांच्या खरचटलेल्या नडग्यांना चोळली.

नणंद पाटावरून ओरडली, "आय, लगीन कुनाचं गं?"


"गप बस. तुला उरंल," आत्याबाई म्हणाल्या, आणि दुसरी नडगी पुढं ओढली.